उष्णतेची वाट

शाळेच्या ग्रंथालयातील कोपऱ्यात ठेविलेला संगणक मोडीत काढावा, असे जवळजवळ ठरले होते. तो बिघडला होता असे नाही. त्याचा पडदा स्वच्छ दिसत होता, कळफलकाची एकही कळ निखळली नव्हती आणि ग्रंथालयातील सर्व पुस्तकांची यादी त्याच्याच पोटात सुरक्षित होती. अडचण निराळीच होती. हा संगणक २०१८ साली घेतलेला. ज्या विंडोज १० प्रणालीवर तो चालत असे, तिला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या. पुढची विंडोज ११ प्रणाली बसवावी, तर संगणकातील प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नव्हता. तो एएमडी कंपनीचा, २०१७ साली बाजारात आलेला रायझन ५ १६०० होता. आणि ती यादी त्याच्या नंतरच्या पिढीपासून सुरू होत होती.

"एका भागासाठी सगळी वस्तू टाकून द्यावयाची काय?" विज्ञानाच्या गुरुजींनी विचारले. "चाकाची धाव झिजली म्हणून कोणी बैलगाडी जाळीत नाही. धाव बदलतात, आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते."

गुरुजींच्या बोलण्याला आधार होता. प्रोसेसर, म्हणजे संगणकातील सर्व गणिते करणारा आणि इतर भागांना आज्ञा देणारा भाग, मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पाटीवरील एका चौकोनी बैठकीत बसविलेला असतो. या बैठकीला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीने २०१६ साली एएम४ नावाचे सॉकेट प्रचारात आणले आणि पुढे अनेक वर्षे आपले नवनवे प्रोसेसर त्याच मापाचे ठेविले. जुन्या मदरबोर्डांवर नवे प्रोसेसर चालावेत, अशी सोयही कंपनीने २०२२ साली केली. त्याच वर्षी निघालेला रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर या जुन्या संगणकात बसू शकत होता. शाळेने तो आणि एक नवा कूलर मागविला. मदतीला आठवीच्या वर्गातील एक मुलगा व एक मुलगी यांची निवड झाली. मुलाकडे हत्यारे सोपविली. मुलीकडे एक वही दिली आणि प्रत्येक कृती व प्रत्येक आकडा तीत टिपून ठेवण्यास सांगितले. वही धरण्याचे काम मुलीला काहीसे गौण वाटले. परंतु ती काही बोलली नाही.

पहिल्या दिवशी गुरुजींनी संगणकाची पेटी उघडूच दिली नाही. मुलाला हे नवल वाटले.

"गुरुजी, नवा प्रोसेसर समोर आहे, स्क्रू-ड्रायव्हर हातात आहे. मग वाट कशाची पाहायची?"

"घरी नवा पाहुणा येणार असेल, तर दारावरच्या राखणदाराला आधी सांगून ठेवावे लागते," गुरुजी म्हणाले.

संगणकाचे बटण दाबताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेली छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. तिला बायॉस म्हणतात. कोणता प्रोसेसर बसविला आहे हे ती ओळखते आणि मगच पुढचे काम चालू होते. २०१८ सालच्या बायॉसला २०२२ सालच्या प्रोसेसरची ओळख असणे शक्य नव्हते. ती ओळख करून देण्यासाठी बायॉसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरावी लागते. कारण तो काढल्यावर आणि नवा अनोळखी ठरल्यावर संगणक सुरूच होत नाही. म्हणून मदरबोर्डाच्या निर्मात्याने दिलेली आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन ती काळजीपूर्वक भरण्यात आली. मध्येच वीज गेली तर बायॉस अर्धवट राहून पाटीच निकामी होण्याचे भय असते. यासाठी संगणक बॅटरीच्या आधारावर जोडून ठेविला होता. पुस्तकांच्या यादीची एक प्रतही अन्यत्र काढून ठेविली. बायॉसच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान ४३ अंश सेल्सिअस असे दिसत होते. मुलीने तो आकडा वहीत लिहिला.

प्रोसेसरच्या तापमानाला एवढे महत्त्व का, हे गुरुजींनी त्या दिवशी समजावून दिले. प्रोसेसर वजन उचलीत नाही की चाक फिरवीत नाही. त्यामुळे त्याला दिलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या पहिल्या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला कूलरची गरज नव्हती. रायझन ५ ५६०० मध्ये गणिते करणारी चकती अंगठ्याच्या नखाएवढी असून तिच्यावर चार अब्जांहून अधिक ट्रान्झिस्टर आहेत. त्याच्या उष्णतेसाठी निर्मात्याने दिलेला आकडा ६५ वॅट आहे. पूर्वी घरोघरी असलेला ६० वॅटचा काचेचा दिवा काही वेळ जळल्यावर त्याला हात लावण्याची सोय नसे. आणि तो तर मुठीएवढा असे. तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होत असेल, तर तिला तत्काळ बाहेर जाण्यास वाट हवी. ती वाट म्हणजे कूलर.

दुसऱ्या दिवशी संगणक दहा मिनिटे चालवून मग बंद केला. जुन्या कूलरखालील लेप उबेने सैल व्हावा, हा त्यातील हेतू. नंतर वीजजोडणी काढून घेतली आणि आत राहिलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले. पेटीला हात घालण्यापूर्वी दोघांनी तिच्या उघड्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श केला. हिवाळ्यात लोकरीचा कपडा काढताना जी चटचट होते, ती अंगावर साठलेल्या स्थिर विजेची असते. माणसाला तिचा झटका जाणवतो तो सुमारे तीन हजार व्होल्टला. चिपमधील सूक्ष्म रचनेला मात्र त्याच्या अल्पशा अंशानेही इजा पोहोचू शकते. धातूला स्पर्श केल्याने शरीर आणि पेटी यांतील हा फरक नाहीसा होतो.

कूलरचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे सैल करून मुलाने काढले. मदरबोर्डाच्या पाठीमागची आधारपट्टी निसटू नये म्हणून गुरुजींनी ती मागून धरून ठेविली. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. तेवढ्यात मुलाने कूलर दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. "अरे, थांब!" हे शब्द गुरुजींच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत "टक्" असा आवाज झाला. कूलर हातात आला. आणि त्याच्या तळाला चिकटून जुना प्रोसेसरही आला.

एएम४ सॉकेटची रचना येथे ध्यानात घ्यावयास हवी. या जातीच्या प्रोसेसरच्या पोटाला केसासारख्या बारीक १,३३१ टाचा असतात. त्या सॉकेटच्या छिद्रांत शिरतात आणि बाजूची दांडी खाली केली की आत पकडल्या जातात. परंतु प्रोसेसरला वरून दाबून धरणारी चौकट तेथे नसते. इंटेलने २००४ पासून आणि एएमडीने २०२२ सालच्या एएम५ पासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरवरील टाचा काढून त्या सॉकेटमध्ये बसविल्या आणि प्रोसेसरवर धातूची चौकट आणली. एएम४ मध्ये मात्र वाळलेल्या लेपाची पकड सॉकेटच्या पकडीहून बळकट ठरली, तर प्रोसेसर उपटून निघतो.

गुरुजींनी तो उलटा करून उजेडात धरला. कडेच्या ओळीतील दोन टाचा वाकल्या होत्या. मुलाचा चेहरा उतरला.

"गुरुजी, मी मोडला का हो हा?"

"वाकला आहे, मोडलेला नाही. लेपाने धरलेली वस्तू ओढावयाची नसते. ती आधी जागच्या जागी हळूच पिळावयाची. लेप सुटला की ती आपण होऊन हातात येते." असे म्हणून त्यांनी कूलर आणि प्रोसेसर एकमेकांवर अलगद फिरवून वेगळे केले. शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीचे पोकळ टोक त्या टाचांवर घालून त्या एकेक करून सरळ केल्या आणि जुना प्रोसेसर एका डबीत जपून ठेविला. त्यांनी मुलाला रागावले नाही. त्याच्या हातातील स्क्रू-ड्रायव्हरही काढून घेतला नाही.

नवा प्रोसेसर बसविण्याचे काम बळाचे नव्हे, नजरेचे आहे. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तसाच त्रिकोण सॉकेटच्या एका कोपऱ्यावर असतो. मुलाने दांडी उभी केली, दोन त्रिकोण जुळविले आणि प्रोसेसर कडांना धरून छिद्रांवर ठेविला. तो आपल्याच वजनाने खाली बसला. बसला नसता तर दाबावयाचा नाही, उचलून पुन्हा पाहावयाचे, असे गुरुजींनी बजावून ठेविले होते. दांडी खाली केली, आणि एक हजार तीनशे एकतीस टाचा एकाच वेळी पकडल्या गेल्या.

आता लेपाची पाळी आली. याला थर्मल पेस्ट म्हणतात. प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसत असले, तरी दोहोंच्या अंगावर सूक्ष्म खळगे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेविले की त्या खळग्यांत हवा अडकते. आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. थंडीच्या रात्री गोधडी उबदार वाटते, ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळेच. जी हवा माणसाला ऊब देते, तीच प्रोसेसरला घातक होते. पेस्ट त्या खळग्यांतील हवेला बाहेर घालविते.

गुरुजींनी तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध ठेविली.

"एवढीशी? थोडी जास्त लावू या का?" मुलाने विचारले.

"तांबे हवेच्या सुमारे पंधरा हजार पट उष्णता वाहून नेते. पेस्ट हवेच्या शंभराहून अधिक पट नेते, पण तांब्याच्या तुलनेत ती फारच मागे पडते. मग सांग, जाड थर दिला तर काय होईल?"

मुलगा क्षणभर थांबला. मुलीने वहीतून डोके वर काढून उत्तर दिले, "हवेची अडचण जाईल, आणि पेस्टचीच अडचण होईल."

"बरोबर. खळगे भरावेत, पण भिंत उभी राहू नये."

नवा कूलर मनोऱ्यासारखा उंच होता. त्याच्या तळातून तांब्याच्या चार नळ्या निघून अॅल्युमिनियमच्या अनेक पातळ पत्र्यांतून वर गेल्या होत्या. या नळ्या भरीव नसतात. त्यांतील हवा काढून टाकून थोडेसे पाणी आत ठेविलेले असते. तळाशी उष्णता लागली की पाण्याची वाफ होते. ती वर जाऊन पत्र्यांजवळ थंड होते आणि पुन्हा पाणी होऊन, दिव्याची वात तेल शोषते त्याप्रमाणे, नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून तळाशी परत येते. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने अशी नळी करून दाखविली. पुढे ती अंतराळयानांत उपयोगी पडली, आणि आज ती टेबलावरच्या संगणकातही निमूटपणे काम करीत असते. पत्र्यांवर वारा घालणारा पंखा बसवून त्याची दिशा पेटीच्या मागील बाजूस ठेविली, म्हणजे गरम हवा बाहेर निघून जाईल. या वेळी गुरुजींनी स्वतः कूलर प्रोसेसरवर टेकविला आणि मुलाने स्क्रू तिरक्या जोड्यांनी, प्रत्येकाला दोन-दोन फेरे देत, आवळले. एकच बाजू आधी आवळली तर कूलर कलतो आणि लेप एकीकडे सरकतो. पंख्याची तार मदरबोर्डावर तिच्यासाठी राखून ठेविलेल्या जागी जोडली.

वीज सुरू झाली. पंखा फिरू लागला आणि पडद्यावर नव्या प्रोसेसरचे नाव उमटले. खिडकीबाहेर जमलेल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. मुलाचा चेहराही खुलला. एवढ्यात मुलगी उठून पडद्याजवळ गेली.

"गुरुजी, काल आकडा ४३ होता. आज ६१ आहे." तिने पुन्हा पाहिले. "६८ झाला. ७४."

टाळ्या थांबल्या. आकडा ८६ वर पोहोचताच गुरुजींनी संगणक बंद केला. फार तापल्यास प्रोसेसर आपला वेग आपण होऊन कमी करतो आणि अगदीच असह्य झाले तर संगणक बंद पाडतो. त्यामुळे तो लगेच जळून गेला नसता. परंतु उष्णतेची वाट कोठे तरी अडली होती, हे निश्चित. पंखा फिरत होता. स्क्रू घट्ट होते. मग दोष लेपाच्या जागीच असला पाहिजे.

कूलर काढण्यावाचून उपाय नव्हता. या वेळी त्याच्याखाली शाळेने नुकताच विकत घेतलेला प्रोसेसर होता. मुलगा दोन पावले मागे सरला.

"गुरुजी, आता तुम्हीच काढा."

"नाही. ज्या हाताला चूक कळली आहे, तोच हात आता सर्वांत सावध आहे. तू काढ."

सकाळप्रमाणेच वीज तोडून सर्व काळजी घेण्यात आली. मुलाने चारही स्क्रू सैल केले. मग त्याने दोन्ही हातांनी कूलर धरला. परंतु ओढला नाही. जाते हळूच इकडे-तिकडे फिरवावे, तसा तो त्याने किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे पिळला. पहिल्याने काहीच हालले नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. लेपाची पकड सुटल्याचे बोटांना जाणवले, तेव्हाच त्याने कूलर वर उचलला. नवा प्रोसेसर आपल्या जागी जसाच्या तसा होता.

कूलरचा तळ उलटा करताच दोष उघड झाला. तळावर ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहिला होता. तांबे आणि लेप यांच्यामध्ये तो पडद्यासारखा उभा होता.

"कूलर मी ठेविला," गुरुजी सर्वांसमोर म्हणाले. "तळ पाहून घेणे माझे काम होते. ही चूक माझी."

मुले स्तब्ध झाली. गुरुजींनी पापुद्रा सोलला. एकदा दबलेला लेप पुन्हा वापरू नये. तो पसरताना त्यात हवा शिरते. म्हणून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घेतले आणि तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. मुलाने तळ उजेडात धरून पाहिला, गुरुजींना दाखविला, मुलीला दाखविला आणि मगच कूलर बसविला.

या खेपेस कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. सर्वांचे डोळे आकड्याकडे लागले होते. ३८. ४०. ४१. दहा मिनिटे झाली, तरी आकडा ४१ वरच राहिला. मुलीने तो लिहिला, आणि मग गुरुजींनीच पहिली टाळी वाजविली.

इतर अटी तपासून पुढच्या आठवड्यात नवी प्रणाली बसविण्यात आली आणि पुस्तकांची यादी पुन्हा त्या संगणकावर आली. पेटी तीच, मदरबोर्ड तोच, पडदा तोच. भंगारात गेले असते ते सारे कामास आले. जुना प्रोसेसर विज्ञानाच्या खोलीतील कपाटात ठेविला असून त्याच्या दोन टाचा इतरांहून किंचित वेगळ्या दिसतात.

मुलीची वही ग्रंथालयातच ठेविलेली आहे. तिच्या शेवटच्या पानावर तो प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटविलेला असून त्याखाली सुवाच्य अक्षरांत दोन ओळी लिहिलेल्या आहेत: "जाडी : कागदाहून कमी. परिणाम : ८६ अंश."

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे द्या.
(अ) संगणक बिघडलेला नसतानाही तो मोडीत काढावा असे का ठरत होते?
(आ) एएम४ जातीच्या प्रोसेसरला किती टाचा असतात?
(इ) कूलरच्या नळीतील पाणी तळाशी परत कसे येते?

२. कारणे सांगा.
(अ) बायॉसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच भरली.
(आ) थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच घेतली.
(इ) कूलर ओढण्याऐवजी पिळून सैल केला.

३. पुढील वाक्ये कोणी, कोणास व केव्हा म्हटली ते लिहा.
(अ) "चाकाची धाव झिजली म्हणून कोणी बैलगाडी जाळीत नाही."
(आ) "हवेची अडचण जाईल, आणि पेस्टचीच अडचण होईल."
(इ) "ही चूक माझी."

४. वही धरण्याचे काम मुलीला प्रारंभी गौण वाटले. ते तसे नव्हते, हे पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मोडीत काढणे, चेहरा उतरणे, बजावून ठेवणे, निमूटपणे.

६. घरातील एखादी वस्तू टाकून न देता दुरुस्त केली असल्यास, ती कशी केली याचे वर्णन क्रमवार लिहा.